उन्हातल्या कामाला आधी कापड, मग क्रीम

पत्र

नमस्कार डॉक्टर,

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. वय ३४. गाव आणि आजूबाजूच्या चार वस्त्या माझ्याकडे आहेत. सकाळी साडेनऊला घर सोडते ते दुपारी दोन-अडीचला परत, बहुतेक पायीच. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांग आलं. दर उन्हाळ्यात ते गडद होतं. मेडिकलमधून एक क्रीम आणलं, त्यानं महिन्याभरात चेहरा एकदम उजळला. आता वर्ष होत आलं. दोन दिवस लावलं नाही तर तोंड लाल होतं, पुरळ उठतं, आणि उन्हात गेलं की तिखट चोळल्यासारखी आग होते. पुण्याच्या जाऊबाई म्हणतात सनस्क्रीन लाव. त्या सहाशे-सातशेचं आणतात. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर उन्हात खुरपलं, आम्हाला नाही लागलं कधी क्रीम. बरोबरच्या आशा म्हणतात, आपण सावळ्या, आपल्याला ऊन बाधत नाही. मी कोणतं सनस्क्रीन घेऊ? की हे उन्हातलं कामच सोडून देऊ?

– एक आशाताई

उत्तर

ताई, नमस्कार.

काम सोडू नका. वांग हे काम सोडण्याचं कारण नाही, आणि उन्हात काम करूनही ते आटोक्यात ठेवता येतं. सनस्क्रीनचं सांगतेच, पण तुमचं पत्र वाचून मला जास्त काळजी वाटली ती त्या मेडिकलच्या क्रीमची. आधी त्याचं बघू.

ट्यूब उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. त्याच्या जोडीला बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. ही औषधं वाईट आहेत असं नाही. वांगासाठी आम्ही त्वचारोगतज्ज्ञही ती लिहून देतो, पण मोजक्या आठवड्यांसाठी, रात्री लावायला, आणि मधूनमधून चेहरा तपासत. तेच क्रीम कुणाच्या देखरेखीशिवाय वर्षभर लावलं की कातडी पातळ होते. गालांवर बारीक लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, काही बायकांच्या चेहऱ्यावर लव वाढते. ट्रेटिनॉइनमुळे कातडी उन्हाला हळवी होते ते वेगळंच. आणि स्टेरॉइडची कातडीला सवय लागते, त्यामुळे बंद केलं की चेहरा पेटतो. तुम्ही जे लिहिलंय ते याच्याशी तंतोतंत जुळतं.

अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री करायला सरकारनं २०१८ साली मनाई केली. तरीही ‘गोरं करणारी ट्यूब’ म्हणून ती काउंटरवरून हातात पडते, आणि घेणारीला वाटतं आपण साधं क्रीम घेतलं. यात तुमची काही चूक नाही. पण आता ती ट्यूब स्वतःच्या मनानं एकदम टाकूही नका आणि आग होते म्हणून पुन्हा जास्त चोळूही नका. ती कशी कमी करत सोडायची, त्या काळात आग शमवायला काय घ्यायचं, हे चेहरा बघूनच ठरवावं लागतं. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे, तिथं जा आणि ट्यूब सोबत न्या, संपलेली असली तरी. जायला आठ-पंधरा दिवस लागणार असतील तर तोवर उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडमना किंवा सरांना ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून त्वचारोगतज्ज्ञांशी बोलणं करून द्यायला सांगा. पेशंटला तुम्ही तिथं नेताच, या वेळी स्वतः पेशंट म्हणून बसा. पाळी चुकली असेल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते पहिल्यांदा सांगा, कारण मग या औषधांचा विचारच बदलतो.

तोपर्यंत चेहऱ्याला साबण लावू नका, साध्या पाण्यानं धुवा आणि पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. एवढंच पुरे. नवं काहीही सुरू करू नका, सनस्क्रीनसुद्धा नाही. पेटलेल्या कातडीला चांगलं सनस्क्रीनही झोंबतं, मग बायका म्हणतात ‘मला सनस्क्रीन चालतच नाही’ आणि पुढं कधी हात लावत नाहीत. या मधल्या काळात उन्हापासून वाचवणारी गोष्ट एकच, कापड.

इथं मला तुमच्या सासूबाईंची बाजू घ्यायची आहे. क्रीम लागलं नाही हे त्यांचं म्हणणं खरंच असेल, पण त्या खुरपायला कशा जातात ते आठवून बघा. आपल्याकडे बाई उन्हात शेतावर निघाली की साडीवर घरातल्या माणसाचा जुना फुल शर्ट चढवते, मनगटापर्यंत बटणं लावते, डोक्यावरून पदर किंवा टॉवेल घेऊन तो कानामागून आवळून बांधते. ऊसतोडीच्या फडात बघा, कांद्याच्या काढणीत बघा, हेच दिसतं. शर्ट बहुतेक टेरीकॉटचा असतो, आणि टेरीकॉटमधलं पॉलिस्टर कातडी भाजणारे किरण सुती धाग्यापेक्षा जास्त अडवतं. शर्टाची बाही उन्हात उतरत नाही, घामानं पुसली जात नाही आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागत नाही. तुम्ही आशा झालात, गणवेशाची साडी आली, हातात रजिस्टर आलं, आणि तो शर्ट मात्र शेतावरच राहिला. तो परत अंगावर घ्या. साडीवर शर्ट घालून लोकांच्या दारात जायला कसंसंच वाटत असेल तर दुचाकीवरच्या मुली घालतात तसा सनकोट शिवून घ्या. कॉलरचा, लांब बाह्यांचा, पुढून बटणं असलेला, आणि बाही तळहाताच्या मागच्या बाजूवर येईल एवढी लांब. गावातला शिंपी एका दिवसात शिवून देईल.

कापड कोणतं घ्यावं, याला हाताशी एक परीक्षा आहे. एक पदरी कापड खिडकीसमोर किंवा बल्बसमोर धरा. धाग्यांच्या मधून उजेडाचे बारीक ठिपके दिसत असतील तर त्याच वाटेनं किरणही आत येणार. पांढरी, पातळ, धुऊन धुऊन विरलेली ओढणी डोळ्याला गार वाटते, पण राखत फार थोडं. तीच दुहेरी केली की फरक पडतो. रंग जरा गडद असला तर आणखी चांगलं. काळा नको, तापतो; मरून, निळा, विटकरी चालेल. आणि घामानं ओलं झालेलं सुती कापड कोरड्यापेक्षा बरंच कमी अडवतं, म्हणून पिशवीत एक कोरडा स्कार्फ जास्तीचा ठेवा आणि अर्ध्या वाटेत बदला.

स्कार्फ बांधताना वांग कुठं आहे ते लक्षात ठेवून बांधा. बऱ्याच जणी नाक-तोंड झाकतात आणि डोळ्यांखालचा गालाचा उंचवटा नेमका उघडा राहतो. वांग सगळ्यात दाट असतं ते तिथंच. कापडाची वरची कड डोळ्यांच्या लगत आली पाहिजे आणि कपाळावरची कड भुवयांपर्यंत. दोन भुवयांच्या मधली जागाही झाका. मोठा चौकोनी रुमाल तिरका दुमडून घेतला तर हे सहज जमतं, अरुंद ओढणीनं जमत नाही. घरात शिरल्यावर तो सोडायचा हे उघड आहे. तोंड बांधलेल्या बाईला बघून बाळ रडतं आणि गरोदर मुलगीही मोकळं बोलत नाही. आत सावलीत बसून बोलणार असाल तर खुशाल सोडा. पण अंगणात उभं राहून विचारपूस करायची सवय असेल तर ती मोडा, ‘ओसरीवर बसू या का’ असं म्हणा.

सावलीचंही थोडं सांगते. किरण फक्त सूर्याकडून सरळ येत नाहीत, सगळ्या आभाळातून पसरून येतात. मोकळ्या माळावर एकट्या छत्रीखाली उभं राहिलं तरी बाजूनं ते चेहऱ्यावर पडतच असतात. जिथून आभाळ कमी दिसतं ती सावली चांगली. गच्च चिंच किंवा वड, खोल ओसरी, देवळाचा सभामंडप. पल्स पोलिओच्या बूथवर टेबल मांडवाच्या कडेला ओढलेलं असतं, ते आत घ्या. छत्री मात्र चालताना जरूर वापरा. साधी काळी, दाट कापडाची छत्री डोक्यावरून येणारे बहुतेक किरण अडवते. पावसाळा संपला की ती माळ्यावर टाकू नका.

आता वेळेचं, कारण तुमच्या दिवसातली सगळ्यात मोठी दुरुस्ती इथं आहे. आपण ऊन ओळखतो ते तापण्यावरून. पण ज्यानं कातडी काळवंडते आणि भाजते ते अतिनील किरण ना डोळ्यांना दिसतात, ना अंगाला गरम लागतात. उकाडा दुपारी तीनच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतो. किरण सगळ्यात तीव्र असतात ते सूर्य माथ्यावर येतो तेव्हा, म्हणजे सोलापूर भागात घड्याळात साडेबाराला चार-पाच मिनिटं कमी असताना. त्याच्या अलीकडे-पलीकडे ते सारखेच चढतात-उतरतात. म्हणून सकाळी साडेदहाचं ऊन आणि दुपारी साडेतीनचं ऊन यांत कातडीच्या दृष्टीनं सकाळचं जास्त वाईट, जरी अंगाला ते सुसह्य वाटत असलं तरी. बायका फसतात त्या इथंच. सकाळी ‘अजून ऊन तापलं नाही’ म्हणून तोंड उघडं टाकून निघतात आणि दुपारी परतताना बांधतात.

घड्याळ नको असेल तर स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड झाली की अंग झाकायची वेळ झाली. एप्रिल महिन्यात तुमच्याकडे हे साधारण साडेनऊच्या आत-बाहेर होतं आणि साडेतीनपर्यंत टिकतं. म्हणजे तुम्ही घर सोडता तीच वेळ. मे महिन्यात तर आपल्याकडे एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या माणसाची सावली पायाखालीच राहते, शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेत तो मुलांना दाखवतात. मोबाइलवर हवामान बघता तिथं ‘यूव्ही इंडेक्स’ असा या अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा असतो. तो ३ किंवा त्याहून जास्त असेल तर जागतिक आरोग्य संघटना अंग झाकायला सांगते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी तो ११च्या पुढे जातो, आणि त्या मोजपट्टीवर ११ आणि त्यापुढचं सगळं ‘अतितीव्र’ या एकाच खान्यात बसतं. थंडीत ऊन कोवळं वाटतं, पण आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही. जानेवारीतल्या दुपारीही तो आकडा ३च्या बराच वर असतो. पातळ ढगांतूनही बहुतेक किरण खाली येतात, त्यामुळे जून-जुलैत आभाळ आलं म्हणून स्कार्फ घरी ठेवू नका. एसटीच्या खिडकीशी बसलात तर काच भाजणारे किरण अडवते, पण डाग गडद करणारे बरेचसे आत सोडते. उन्हाची बाजू टाळून बसा.

शक्य असेल तिथं क्रम उलटा करा. लांबच्या वस्त्या आधी, साडेसात-आठला निघून. तसंही शेतमजूर बायका नऊनंतर घरी सापडत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गावातली घरं, रजिस्टर भरणं, अंगणवाडीतलं काम हे दहानंतर. सकाळी पोरांचे डबे आणि पाणी भरणं असतं, रोज हे जमणार नाही याची मला कल्पना आहे. आठवड्यातले तीन दिवस जमलं तरी चेहऱ्यावर फरक दिसतो.

वांग कशानं येतं ते एकदा नीट सांगते, कारण त्याबद्दल बायकांना नको नको ते ऐकावं लागतं. लिव्हर खराब आहे, रक्त अशुद्ध आहे, काही तरी लपवतेय. यातलं काही नाही. काही घराण्यांत वांगाकडे कल असतो, गरोदरपणातले हार्मोन त्याला जागं करतात आणि ऊन त्याला वाढवत राहतं. चुलीच्या धगीनंही ते वाढू शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांचाही यात हात असू शकतो. माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आहे, त्यामुळे काही जणींचं वांग वाढतं. छायामध्ये ते नाही. तुम्ही या गोळ्या वाटता, कदाचित स्वतःही घेत असाल. घेत असाल तर मनानं बंद करू नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून बदला. तुमच्या क्षेत्रातल्या दुसऱ्या कुणाला गोळी सुरू केल्यावर वांग आलं असेल तर तिलाही हे सांगा.

सावळ्या कातडीला ऊन बाधत नाही, हे तुमच्या मैत्रिणींचं म्हणणं अर्धं खरं आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य नैसर्गिक संरक्षण देतं. गोऱ्या युरोपीय माणसापेक्षा आपण उशिरा भाजतो आणि आपल्यात उन्हानं होणारा कातडीचा कर्करोग पुष्कळ कमी आढळतो. पण हाच रंग बनवणाऱ्या पेशी उन्हानं चेतल्या की जास्त रंग बनवतात, आणि म्हणून डाग आपल्यालाच जास्त पडतात, गडद पडतात आणि रेंगाळतात. एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. तुमचा मूळचा रंग हा आजार नाही, आणि तो बदलण्यासाठी मी कुणालाही औषध देत नाही. गालावरचे डाग कातडीच्या मूळ रंगाला परत यावेत, एवढंच आपलं काम. त्या मेडिकलच्या ट्यूबनं ‘एकदम उजळलेला’ चेहरा पुन्हा मिळवण्याच्या मागं लागू नका. तो स्टेरॉइडचा परिणाम होता.

चेहऱ्याची आग थांबली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मग सनस्क्रीन. मी ब्रँडचं नाव देत नाही, कारण वेष्टनावर काय वाचायचं ते कळलं की तुम्ही कुठल्याही दुकानात निवडू शकाल. एसपीएफ (SPF) ३० किंवा त्याहून जास्त, आणि ‘पीए’ (PA) या अक्षरांच्या पुढे निदान तीन अधिकची चिन्हं (+++). एसपीएफ हा भाजणाऱ्या किरणांचा आकडा आहे, पीए हा काळवंडवणाऱ्या किरणांचा, आणि तुम्हाला दोन्ही हवेत. ३० आणि ५० यांत पैशाचा फरक मोठा, कामाचा लहान: ३०चं सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५०चं सुमारे ९८. मात्र हे आकडे प्रयोगशाळेत जाड थर लावून काढलेले असतात आणि आपण त्याच्या निम्मंही लावत नाही. महाग ५०चं ठिपका ठिपका लावण्यापेक्षा साधं ३०चं पुरेसं लावलेलं चांगलं.

वांगासाठी अजून एक गोष्ट बघा. डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही वांग वाढवतो, आणि पांढरी सनस्क्रीनं त्याला अडवू शकत नाहीत. ज्यात आयर्न ऑक्साइड असतं, जी मातकट रंगाची असतात, ती अडवतात. दुकानात ‘टिंटेड’ म्हणून मागा. चेहऱ्यावर पांढरा थर दिसत नाही, हा त्यांचा दुसरा फायदा. झिंक ऑक्साइड असलेलं आणि सुगंध नसलेलं असेल तर हळव्या कातडीला कमी झोंबतं. आधी तीन दिवस कानामागं लावून बघा, मगच चेहऱ्यावर.

पैशाचा हिशेब मांडते, कारण मानधनातून हे काढायचं आहे. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, म्हणजे साधारण १ ग्रॅम लागतं. रोज दोनदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपते. तुमची मान आणि हात कापडाखाली असणार, म्हणून फक्त चेहऱ्याला सव्वा-दीड बोट पुरेल आणि तीच ट्यूब महिन्याच्या वर जाईल. जाऊबाईंचं सातशेचंच हवं असं अजिबात नाही, वर सांगितलेलं सगळं तीन-चारशेच्या ट्यूबमध्ये मिळतं. तेही एखाद्या महिन्यात झेपलं नाही तर ट्यूब राहू द्या, पण स्कार्फ, बाही आणि छत्री सोडू नका. उलट, क्रीम लावलंय म्हणून तोंड उघडं टाकून दुपारभर फिरणं हे मात्र करू नका.

निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावा, मग स्कार्फ बांधा. नियम दर दोन तासांनी पुन्हा लावायचा आहे. तुम्हाला बाराच्या सुमाराला एकदा जमलं तरी पुष्कळ आहे. ओल्या रुमालानं घाम टिपा, कोरडं करा, लावा. पुसायला घासू नका. घासण्यानंही वांग काळं पडतं. ट्यूब दुचाकीच्या डिकीत तापत ठेवू नका. एसपीएफ १५ छापलेलं फेअरनेस क्रीम किंवा पावडर ही याची जागा घेत नाही.

आणि कृपा करून लिंबू लावू नका. वांगावर लिंबू चोळायला सांगणारं कुणी तरी प्रत्येक गावात असतं. आपल्या कागदी लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं आहेत जी कातडीवर असताना ऊन लागलं की भाजतं, फोड येतात, आणि मागं राहणारा काळा डाग वांगापेक्षा गडद असतो. रसवंतीवर किंवा लोणच्यासाठी भरपूर लिंबं कापणाऱ्यांच्या हातांवर असे डाग पडलेले मी बघते. बेसन-हळद चालेल, पण त्यानं ऊन अडत नाही. खोबरेल रात्री लावा, दिवसा सनस्क्रीन म्हणून नको. उन्हानं कातडी लाल झालीच तर गार पाण्याच्या घड्या ठेवा. बर्फ नको, टूथपेस्ट नको.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आणखी एक सांगा: उन्हात गाल लाल होतात त्याच्या जोडीला सांधे दुखतात का, केस जास्त गळतात का, तोंडात फोड येतात का, बारीक ताप असतो का. असेल तर ते नुसतं वांग किंवा क्रीम नसतं, रक्त तपासावं लागतं. तसंच बांधावरून, पडीक रानातून चालून आल्यावर पापण्या, मान, कोपराची आतली बाजू खाजत असेल तर गाजरगवताची ॲलर्जी असू शकते, आणि ती उन्हात चेवते.

तुमच्या वस्त्यांवर जन्मतः पांढऱ्या केसांचं, पांढऱ्या कातडीचं मूल असेल तर त्याच्याकडे माझ्यासाठी लक्ष द्या. त्याच्या कातडीत मेलॅनिन जवळजवळ नाही. त्याला सनस्क्रीन हे औषध आहे, आणि लांब बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, गॉगल या गरजेच्या गोष्टी आहेत. शाळेत त्याला मैदानावर उन्हात उभं करू नये, हे गुरुजींना सांगायला हवं. अशा मुलाच्या अंगावर न भरणारी जखम किंवा खपली दिसली तर वाट न बघता पाठवा, कारण त्यांना कातडीचा कर्करोग लहान वयातही होतो.

वांग उतरायला महिने लागतात. सगळं नीट केलं तरी तीन महिन्यांच्या आत फारसं काही दिसेल असं धरू नका, आणि पुढच्या मार्चमध्ये ते पुन्हा डोकं वर काढेल. त्याला घाबरून कुणाच्या ट्यूबकडे वळू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रोज आरशात बघून फरक कळत नाही, फोटो शेजारी ठेवले की कळतो, आणि डॉक्टरांनाही ते उपयोगी पडतात.

शेवटी, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीत हा विषय मांडा. एकट्यानं नको, चार-पाच जणी मिळून. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात, तशा मार्च ते जून गृहभेटी सकाळी साडेसात ते साडेदहा ठेवता येतील का, हे विचारा. सर्व्हेची मुदत ठरवताना दुपारचे तास धरू नयेत, आणि गणवेशासोबत लांब बाह्यांचा कोट आणि छत्री मिळावी, हे लेखी द्या. गटप्रवर्तक ताईंची सही आधी घ्या, म्हणजे अर्ज तालुक्यापर्यंत पोचेल.